पोफळीची पन्हळ

मांडवीच्या धक्क्यावर आगबोटीची वाट पाहता पाहता मालनचा डोळा लागत होता. मागे बसलेल्या सासूसुनेचं बोलणं लाटांबरोबर तिच्या कानावर येत होतं.

"आत्याबाई, न्हाणीचे नवे खापरी नळ मी काल उपटले."

"का गो? किती मुकाट पाणी जात होतं जमिनीखालून!"

"मुकाट, म्हणूनच. हे गलबतावरून पहाटे यायचे, आधी न्हाणीत अंगावरचं खारं धुवायचे. बाहेर पोफळीच्या पन्हळीतून पाणी वाजायचं, की मला झोपेतच कळायचं, आले."

"पोरी, ते गलबत बुडालं त्याला तीन पावसाळे झाले."

"ठाऊक आहे. जुनी पन्हळ परत लावलीय मी."

एक लाट आली, गेली.

"वाजली?"

"आज पहाटे."

"मग मला उठवायचंस गो."