दार करून दाखवा

...आणि म्हणे दार करा! दार हो, साधं दार! अर्जात मी काय काय लिहिलं होतं, तुम्हाला सांगते... व्हिडिओ गेममध्ये राक्षस उडवते, पाऊस पाडते, गाड्या आदळवते, शत्रूला अक्कल देते, 'सगळं येतं' असं ठसक्यात लिहिलं होतं! चार कंपन्यांनी "सगळं येतं म्हणजे धड काहीच येत नसणार" म्हणून वाटेला लावलं, ही पाचवी, आणि हिच्या मुख्य बाई चष्म्यावरून बघत म्हणतात कशा, "छाऽऽन! मग एक दार करून आणा. आपला हिरो ते उघडेल, आत जाईल, बस्स. तीन दिवस."

तीन दिवस? मी मनात हसले. जेवायच्या आत उडवते म्हटलं! आणि नाहीच जमलं, तर पुन्हा जुनं ऑफिस, पुन्हा रजेच्या अर्जांचं ते रटाळ सॉफ्टवेअर... छे! मेले तरी जाणार नाही! बसले ठाण मांडून.

पहिल्या दिवशी हिरोनं दार ओढलं, दार त्याच्यावर आदळलं आणि हिरो थेट छपरावर! बरं, आदळणं बंद केलं, तर दार त्याच्या पोटातून आरपार! तरी हटले नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून नव्यानं लिहिलं, तर हा दार न उघडताच आत, आणि दार मागाहून सावकाश उघडतंय! दार हो, साधं दार! आई डोकावून विचारते, "झालं का गं तुझं दार?" आणि बाबा... बाबा सुतार, चाळीस वर्षं दारं बसवलेला माणूस... "दार? एका दुपारचं काम आहे!"

डोकं असं फिरलं म्हणून सांगू! पण तिसऱ्या दिवशी पुन्हा बसलेच. बाबा कानावर पेन्सिल खोचून मागे उभे.

"हा माणूस असा खांबासारखा का उभा आहे?"

"बाबा, घोळ दारात आहे."

"दार झकास आहे. इकडे ये, माझे पाय बघ." आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढलं. ओढताना अर्धं पाऊल मागे सरकले! अहो, दार आपल्याकडे ओढलं की माणूस मागे सरकतो! जन्मभर आपण सरकतोय, कुणाच्या लक्षात आहे? मी आपली दारच तासत बसलेले! मग काय, बाबांना चाळीस वेळा दार उघडायला लावलं, पावलं मोजली, आई आतून ओरडतेय, "मला कुणी बाहेर येऊ द्याल का?" संध्याकाळी हिरो मागे सरकला, दार उघडलं, आत गेला. मी चक्क रडले हो!

बाईंनी ते दार वीस वेळा उघडलं, मिटलं, उघडलं. मग हात पुढे केला. "या सोमवारपासून!"

"राक्षसांपासून सुरुवात करू का?" मी आपली उत्साहात.

"राक्षस करणारे पुष्कळ आहेत हो. तुम्ही दारं घ्या. चारशे बारा आहेत."

घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी लगेच काकांना फोन लावला. "अरे, पोरीला काम लागलं! ...नाही रे, कॉम्प्युटर कसला, शेवटी आपल्याच धंद्यात आली. दारं बसवते!"

आता तुम्हीच सांगा, यात मी खोडून काढायचं तरी काय?