चंद्रीचा खरा रंग

आता तुम्हीच सांगा, मोबाईल हाय की! शेजारच्या केरबाच्या खिशात हाय, सुनंच्या हातात हाय, माझ्या ह्या बंडीतबी हाय... आन् तरीबी एका म्हशीच्या फोटोपायी घरात कॅमेरा तयार करायचा?

तुम्हाला सांगतो, चंद्री म्हंजे आमची म्हस. काळी कुळकुळीत! दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून रस्त्यावर काढली की अख्खी गल्ली दारात. पण वय झालं तिचं. जनावरांचा डॉक्टर म्हणला, "तात्या, ह्यो पाडवा शेवटचा समजा." म्हणलं, मग एक फोटो पायजे भिंतीवर. जास्त काय मागितलं व्हय मी?

तर आमचा पुतण्या विश्वजित, राजारामपुरीत क्लासमधी फिजिक्स शिकवतोय, त्यो म्हणतोय कसा, "तात्या, मोबाईल फोटो काढत न्हाई, मेकअप करतोय. चंद्रीला गोरी करून ठेवील! मी बनवतो कॅमेरा. रंग हाय तसा!" गोरी म्हणल्यावर मी लगीच म्हणलं, बनव बाबा!

मग काय... आमच्या मंडळींचा स्टीलचा डबा गेला. त्याला भोक, भोकात लेन्स, आत सर्किटची हिरवी पट्टी, वायरींचं हे जंजाळ, आन् दाबायला दाराच्या बेलचं बटण! ही म्हणतीया, "अवो, मोबाईल हाय की! माझ्या डब्यावर का उठलाय?" पण ऐकतोय कोण?

पाडव्याला चंद्री अशी नटली, अशी नटली... केरबानं मोबाईल काढला तर मीच वरडलो, "ज्यानं मोबाईल काढला त्याचं दूध बंद!" समद्यांनी गपगुमान खिशात घातलं. विश्वजितनं बेल दाबली. काय न्हाई. "थांबा तात्या, कॅमेरा विचार करतोय." म्हस उभी, गल्ली उभी, डबा विचार करतोय! शेवटी निघाला एकदाचा फोटो.

बघतोय तर काय... चंद्री गुलाबी! बडीशेपेच्या गोळीसारखी गुलाबी! विश्वजित म्हणतोय, "तात्या, रात्रीबी दिसावं म्हणून जरा भारी सेन्सर घातला. डोळ्याला न दिसणारा उजेड त्याला दिसतोय." अरे लेका, मला दिसणारी म्हस त्याला दिसंना त्याचं काय?

म्हणला, "त्यो उजेड अडवणारी एक काच बसवली की रंग ठीक. मागवलीया." केरबा म्हणला, "अवो, तवर मोबाईल हाय की!" पण मी अडून बसलो. म्हणलं, न्हाई, खरा रंगच पायजे.

काच यायच्या आधी चंद्री गेली. गोठ्यात बसली ती उठलीच न्हाई. लई रडलो, खोटं कशाला सांगू?

आता त्योच फोटो भिंतीवर हाय, हार घालून. आल्यागेल्यानं इचारलं, "पावणं, ही कुठल्या जातीची?" तर म्हणतो, "घरीच केलीया."

परवा काच आली. विश्वजित खाली मान घालून म्हणतोय, "तात्या, तवा मोबाईलवर काढाय पायजे हुता."

म्हणलं, मोबाईल हाय की बाबा... म्हस कुठाय?