बँडमधून काढलेला ड्रमर

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिवणकामवाल्या काकू दुखरा गाल विसरून शेजारच्या मायलेकांचं बोलणं ऐकत होत्या.

"आई, तो बँडच खोटा होता गं. विनोदी सिनेमा आहे, माहितीपटाचं नुसतं सोंग."

"मग तुला बँडमधून हाकललं, तेही खोटं?"

"तेही खोटंच."

"सगळं थिएटर फिदीफिदी हसत होतं तुला."

"हसावं म्हणूनच तर सिनेमा केला ना!"

"आणि ड्रमपाशी एकटाच बसून रडलास, ते?"

"ते... लिहिलेलं नव्हतं. आपोआप आलं."

"बाबा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतंस."

"तेव्हा तू रडत होतीस."

काकूंचा नंबर दोनदा पुकारला. त्या उठल्याच नाहीत.

"आज माझ्याकडे मुक्कामाला ये. बँड गेला खड्ड्यात," आई म्हणाली.