हर्णैच्या होड्यांचा जाब

अरे, इकडे आखातात, रिफा शहरातल्या आमच्या ऑफिसातली चिनी जहाजांची भानगड सांगितली का तुम्हाला? वेई मलेशियाचा, चार पिढ्या तिथल्याच, पण वंश चिनी. ग्रेस फिलिपिन्सची, तिचा भाऊ मासेमार. परवा डबे उघडतोय तोच ती वेईवर कडाडली, "तुमच्या जहाजांनी माझ्या भावाची होडी पुन्हा हुसकावली!"

"माझ्याकडे साधी होडीसुद्धा नाही गं," वेई म्हणाला. "तिकडे मलेशियात निवडणूक आली की पुढारी म्हणतात चीनला चालता हो, आणि इथे तू जाब विचारतेस!"

मी आपला समेट करायला गेलो. "ते जाऊ दे. वेई, तुझं मूळ गाव कुठलं रे?"

तो माझ्यावरच उखडला. "तुझं कुठलं?"

"हर्णै. म्हणून तर आडनाव हर्णेकर."

"कधी गेला होतास?"

"लहानपणी एकदा, आईबरोबर देवीची ओटी भरायला. जन्म डोंबिवलीचा."

"तिथे होड्या आहेत?"

"चिक्कार! बंदरच आहे."

"त्यांनी कुणाला हुसकावलं, तर जाब तू देणार?"

"मी का देऊ? माझा काय संबंध?"

वेईने ग्रेसकडे बघून भुवया उडवल्या. तिला हसू आवरेना. आपल्या डब्यातला तळलेला मासा तिने त्याला वाढला. मीही डबा पुढे केला.

"तुझा मासा तू हर्णैहून आण," ती मला म्हणाली.