मध्य म्हणजे नक्की कुठला वार?

...नाही, मला एक सांगा, मध्य म्हणजे नक्की कुठला वार? शाळेचं तोंड नाही बघितलं मी, पण हाताला बोटं आहेत की! रविवारपासून मोजलं तर बुधवार येतो, सोमवारपासून मोजलं तर गुरुवार... म्हणजे झालं ना, दारात खुर्ची टाकायची तर दोन दिवस टाका!

तुम्हाला सांगतो, लेकीचा फोन आला. दुसऱ्या गावी इस्पितळात नर्स आहे, भाड्याच्या खोलीत एकटीच. इकडे बदली मिळत होती. म्हटलं, "ये की गं, मागची खोली रिकामीच आहे!" तर म्हणे, "बाबा, आधी खोली बघते, मग ठरवते. आठवड्याच्या मध्यात येते."

आणि त्या खोलीला हे एवढाले पोपडे! तस्सा रंगाऱ्याकडे गेलो. तो आपला ब्रश धूत म्हणतो, "काका, काळजीच सोडा. आठवड्याच्या मध्यात हजर!"

घ्या, हाही मध्यातलाच!

बुधवारी दारात बसलो. कोणी नाही. गुरुवारी बसलो... कोणी नाही! शेजारचा सलूनवाला कात्री वाजवत हसतो, "आजोबा, माझी सुट्टी सोमवारी, माझा मध्य येतो शुक्रवारी!" असेल बुवा... शुक्रवारीही बसलो. लोक मलाच पत्ता विचारायला लागले हो!

आणि रविवारी सकाळी दोघं एकदमच उगवले! रंगारी म्हणतो, "हातातलं काम अर्ध्यावर आलं की आमचा मध्य!" लेक रात्रपाळी उतरून तशीच आलेली, म्हणते, "बाबा, माझी सुट्टी बुधवारी. गुरुवारी माझा आठवडा सुरू, आज मध्यच की!"

खोलीत गेली. पोपडे बघितले. माझा जीव टांगणीला! खिडकी उघडून बघितली, तेवढ्यात रंगाऱ्याने डबा उघडला, तर म्हणते कशी, "पांढरा नको हो दादा, ड्यूटीवर पांढराच बघते. पिवळा नाही का?"

अहो, जिला राहायचं नाही ती रंग कशाला निवडेल? डोळ्यांत पाणीच आलं माझ्या... पोपड्यांची धूळ गेली म्हणालो.

"मग सामान कधी आणतेस, बाळा?"

"महिन्याच्या मध्यात, बाबा!"

महिन्याच्या!... खुर्ची राहू दिलीय दारातच. उशी तेवढी जाड घेतली.