पॅरोलचा भाकरतुकडा

आत्ता म्हंजे आत्ताच सांगायचंय!! आई भाकऱ्या थापत बोलतीय, मी मोबाईलवर टाईप करतीय, तिच्याच शब्दांत.

माझं माहेर खोडद, त्या दुर्बिणीच्या मोठाल्या छत्र्या बघत वाढले, अन् दिली कळंबला. मालक पिकअप चालवायचे, मानूस लई गरीब, पन काय सांगू तुम्हाला, शेताच्या पान्याच्या पाळीवरनं भांडान झालं, ह्यांच्या हातातलं खोरं समोरच्याच्या डोक्यात बसलं. तो वाचला, देवाची कृपा, पन ह्यांना सजा लागली. पिंकी, ही टाईप करनारी माझी पोरगी, तवा शाळेत. पप्पा कुठंत इचारलं का ही म्हनायची, कुवेतला. मी पन कधी आडवलं न्हाई.

परवा मोबाईलवर इंग्रजीचा अभ्यास करत व्हती, कुठल्या शब्दाला कुठला शब्द जोडून येतो ते, अन् एक पान झटदिशी वर सरकवलं. म्हनलं काय गं? काय न्हाई, जेलचे शब्द हायेत. मग वाच की मोठ्यानं. तर वाचती, गो टू जेल, सर्व्ह अ सेंटेन्स, रिलीज्ड ऑन पॅरोल. म्हनलं बाई, बेल अन् पॅरोल तर मला पाठ हाय, कोर्टात चकरा मारून मारून. हसली, अन् हसता हसता रडायलाच लागली. आई, उद्या पप्पा येनार, मैत्रिणींनी बघितलं तर? म्हनलं नको येऊ स्टँडवर, मी आनते.

काल ह्यांना घेऊन आले तर सगळी आळी दारात. ह्यांची मान खाली. अन् उंबऱ्यात बघते तर ही उभी, एका हातात भाकरतुकडा, एका हातात तांब्या, शेजारी कॉलेजातली मैत्रीण, हिनंच बोलवून आनलेली. थांबा पप्पा, म्हनली, ते पार येशीपर्यंत ऐकू गेलं आसंल. ओवाळून टाकला, पायावर पानी घातलं, डोळ्याला लावलं. मैत्रीण म्हनली, काका, कुवेतला लई बारीक झालात. तर ही म्हनती कशी, कुवेत न्हाई गं, जेलमधनं आलेत. रिलीज्ड ऑन पॅरोल.

अन् हे हसले वो! म्हनले, पोरगी इंग्रजी बोलाया लागली की.

परत जायचंय त्यांना, ठावं हाय मला. जाऊ दे, ताठ मानेनं जातील. ही बघा, टाईप करता करता डोळं पुसतीय. सुखी ऱ्हा गं बाई.

नाय पुसत राव, भाकरीचा धूर आहे!! बरं, तुमी पण सांगा ना, घरच्या मानसाबद्दल असं कुवेत कधी सांगितलंय का? अन् खरं कुनापुढं बोललात पयल्यांदा?