पन्नास फुटांवरचा नेचा

कोहमाऱ्याच्या थांब्यावर माझ्या शेजारी एक मामा आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी त्यांची भाची गोंदियाच्या बसची वाट पाहत होते. मामांच्या मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेला दगड होता.

"सोनिका, विहिरीतून दगडच निघाला ना! तो कायले दाखवाचा तुह्या सरले?"

"मामाजी, त्याच्यावर पान उमटलं आहे. नेचा होय हा. ही जात आता कुठंच नाही."

"असे पानं नागझिऱ्याच्या नाल्यात लय आहेत."

"त्याचेच भाऊबंद ते. नाल्यातच काऊन रायतेत? सावली आन् ओल पाह्यजे त्यायले. म्हनजे तुमच्या वावरात तवा दलदल होती. बारा महिने पानी."

"माह्या वावरात? पन्नास फूट खोदलं, थेंब नाही. आन् तू पानी सांगून राहिली!"

"मी नाही जी, दगड सांगून राहिला."

"कवाची गोष्ट होय?"

"पंचवीस कोटी वर्षं झाली."

"हात् बाप्पा! म्हनजे व्याही खरं बोलला."

"भूमेश्वरीताईचे सासरे?"

"तोच तं आला होता पानी पाहाले. हातावरचा नारळ तेथंच उभा राह्यला त्याचा, म्हने येथंच पानी आहे. मी त्याले चारचौघात लबाड म्हनलो. तवापासून भूमेश्वरीले माहेरी पाठवून नाही राहिला तो."

"मग आता?"

"लाव फोन. माफी मागतो. आन् सांगतो, व्याहीबुवा, पुढच्या बारीले नारळाले पानी कोन्त्या सालचं ते बी विचारजा."